मालकाविरुद्ध मालकाच्या मागण्या

आमच्या शेजारच्या चाचांइतका गड्यांवर चिडणारा बागवाला अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात मिळायचा नाही, आणि चिडण्याचं कारण एकच : गडी काही मागत नाहीत. सोळा वर्षं आखातात बांधकामावर काढून चाचा परतले, हापूसची कलमं घेतली आणि राखणीला दोन नेपाळी भाऊ ठेवले. पहिल्याच दिवशी दोघांना बागेच्या दगडी गडग्यावर बसवून विचारलं, "बोला, मागण्या काय?" थोरला म्हणाला, "सब ठीक है, सेठ." चाचांचा पारा चढला. "खोपीत पंखा नाही, पाणी विहिरीवरून ओढता, ठीक कसं?" मग स्वतःच कागद घेऊन स्वतःविरुद्ध सात मागण्या लिहिल्या, मला पंच नेमून मोठ्याने वाचल्या आणि सहा जागच्या जागी मान्य केल्या. सातवी, दर शुक्रवारी सुरमईची, मुद्दाम फेटाळली. "आता हिच्यावर भांडा," म्हणाले. भावांनी बांगडा चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा चाचा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चाची आतून म्हणाल्या, "माझ्या मागण्या कधी लिहिणार?" त्यावर चाचांना अचानक नमाजाची आठवण झाली.

पण शिकवणी वाया गेली नाही. मोहोराच्या दिवसांत चाचांनी भर दुपारी फवारणी सांगितली, तर धाकट्याने पंप खाली ठेवला. "दोपहर में नहीं. सुबह करेंगे, और मास्क चाहिए." चाचांनी तासभर हुज्जत घातली, सपशेल हरले आणि मुलगा पहिला आल्यासारखे धावत आमच्याकडे आले. "हरलो रे," म्हणाले, आणि चहा मागितला.

मग ऐन आंबे उतरवायच्या आठवड्यात थोरल्याने सुट्टी मागितली. गावी आई आजारी होती. चाचांनी हुज्जत घातली नाही. दोघांनाही त्याच संध्याकाळी स्वतः गाडीत बसवून दिलं. पुढचे आठ दिवस साठीचे चाचा आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडांवर आणि मी खाली टोपली घेऊन. निम्मी बाग वानरांनी खाल्ली. आठवड्याने फोन आला, म्हातारी उठून बसली होती.

"निदान धाकट्याला तरी ठेवायचं," मी म्हटलं.

चाचा आंबे निवडत होते. "माझे बाबा गेले तेव्हा मी तिकडे होतो. मुकादमाकडे सुट्टी मागितलीच नाही मी. मिळायची नाही असं मीच ठरवून टाकलं." एक डागी आंबा बाजूला काढून म्हणाले, "मिळाली असती की काय, कोण जाणे."

मी पेंढा पसरत राहिलो. चाचांनी एक आंबा नाकाशी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.