फार्समधला धनगर

सुरुवातीलाच क्षमा मागतो. मी लिहिणारा नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला, आणि इथं येऊन अजून पुरतं वर्षही झालेलं नाही. चांगली चांगली माणसं लिहीत असताना मी मध्येच लेखणी उचलावी, हे मलाच बरं वाटत नाही. पण ही क्षमा लिहिण्याच्या धिटाईपुरतीच. जे सांगणार आहे, त्याबद्दल मी तेव्हा क्षमा मागितली नाही आणि आताही मागणार नाही.

आमचं हायस्कूल सोलापूरच्या कडेला, गिरण्या संपून माळ सुरू होतो तिथं होतं. शाळा मोठी. वकिलांची मुलं, नवी पेठेतल्या दुकानदारांची मुलं, गिरणीतल्या जॉबर-मुकादमांची, घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी, सगळी तिथं यायची. मधल्या सुट्टीत नळावर भांडण लागलं की कोण कोणाला काय शिवी देतो आहे ते देणाऱ्यालाच कळायचं. ड्रिल, लेझीम, वक्तृत्व, सगळं शाळेत होतं. पण खरं वारं सुटायचं ते हिवाळ्यातल्या गॅदरिंगचं. महिनाभर आधीपासून कोणाचं लक्ष अभ्यासात नसायचं.

मी बोर्डिंगात राहून शिकत होतो. माझे वडील धनगर. सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातून ते मेंढरं घेऊन निघत आणि हिवाळ्यात शहराच्या आसपास येत. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, तेवढे दिवस त्यांचा मुक्काम जवळ असे. शाळेत हे सर्वांना ठाऊक होतं. मी काही लपवलं नव्हतं. फक्त बोलणं बदललं होतं. पहिल्या वर्षी ‘व्हय’ म्हटलं की वर्ग हसायचा, म्हणून मी ‘होय’ म्हणायला शिकलो होतो.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना, नाटकं बसवणाऱ्या मास्तरांनी मला बोलावलं. त्यांच्याजवळ आमच्याच वर्गातला एक वकिलाचा मुलगा उभा होता.

“आपल्या फार्समध्ये धनगर आहे,” मास्तर म्हणाले. “हे काम हा करतोय. याला तुमची बोली शिकव. आणि घरचं एक घोंगडं आण. अस्सल पाहिजे हं, वासासकट!”

दोघंही हसले. मीही हसलो असेन. मग धीर करून विचारलं, “सर, धनगराचं काम मी करू का?”

मास्तर दुष्ट नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, “तू केलंस तर लोक हसतील कशाला? तू तर आहेसच.”

दुसऱ्या दिवशी तालमीला जाऊन बसलो, तेव्हा फार्स काय आहे ते कळलं. धनगर कोकरू काखेत मारून शहरात येतो. गिरणीचा भोंगा होतो. ही कुठली तरी देवी कोपली, असं समजून तो आडवा पडतो, नाक घासतो, रडतो. एक कारकून देवीचा पुजारी बनून त्याला आशीर्वाद देतो आणि कोकरू घेऊन जातो. धनगर उलट त्याच्याच पाया पडतो. संपलं.

माझे वडील भोंग्यावर दिवसाची वेळ ओळखायचे. पण हे मी मास्तरांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? ते म्हणाले असते, अरे, विनोद आहे. मी एवढंच म्हणालो, “घोंगडं मिळणार नाही, सर. आणि बोलीही शिकवणार नाही.”

“ओहो! राग आला वाटतं राजेसाहेबांना!” मास्तर म्हणाले, आणि घोंगड्याच्या जागी जुन्या सतरंजीचा तुकडा काढला.

यात माझं निभलं असतं. गॅदरिंगच्या दिवशी ताप आला म्हणून बोर्डिंगात पडून राहिलो असतो. पण त्याच आठवड्यात वडील भेटायला आले आणि गॅदरिंगची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. त्यांना शाळा बघायची होती. इतक्या वर्षांत ते फाटकाच्या आत आले नव्हते.

“आबा, नका येऊ. लई गर्दी आसती,” मी म्हणालो.

“मेंढरातल्या माणसाला गर्दीचं काय सांगतूस?” ते म्हणाले, आणि आले. स्वच्छ धुतलेला पटका बांधून आले.

मी त्यांना घेऊन जाजमावर मधोमध बसलो. आजूबाजूला पेठेतले लोक, मुलांचे बाप, मामा. गॅसबत्त्या सूं करत होत्या. लेझीम झाली, पेटीवादन झालं, मग फार्स सुरू झाला. धनगर आला तो पाय फाकून, तोंड वासून. लोक हसले. मी हळूच वडिलांकडे पाहिलं. तेही हसत होते. खरोखर, मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी नाटक कधी पाहिलंच नव्हतं, आणि तो मुलगा काम चांगलं करत होता.

मग आतून शंख फुंकून भोंगा केला आणि धनगर आडवा पडला. मागून कोणीतरी ओरडलं, “असलेच असतात लेकाचे!” आणि सगळा मांडव हसला. मी उभा राहिलो.

ठरवलं नव्हतं. मी काही बोललो नाही, नुसता उभा राहिलो.

“ए, खाली बस!”

“आरं ए, तू काय काचंचा हाईस का? दिसंना आमाला!”

वडिलांनी माझं धोतर ओढलं. “बस की रं. मागच्यास्नी दिसंना.”

“न्हाय बसत,” मी म्हणालो. शाळेच्या आवारात ती बोली कित्येक दिवसांनी माझ्या तोंडून निघाली, आणि मोठ्यानं निघाली.

आडव्या पडलेल्या धनगरानं मान वर करून मला पाहिलं आणि तो पुढचं वाक्य विसरला. आतून त्याला वाक्य सांगणारा इतका ओरडला की ते सर्वांनी ऐकलं. तरी तो माझ्याकडेच बघत राहिला. शेवटी पडदा पाडला, तेव्हा मी बसलो.

परत जाताना वडील एवढंच म्हणाले, “पोरगं झ्याक पडलं हुतं जिमिनीवर.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. “दोन ओळींची माफी लिहून दे.”

“सर, मी काही बोललो नव्हतो.”

“तेच तर! बोलला असतास तर गप्प करता आलं असतं.”

“मी लिहून देणार नाही, सर.”

मॅट्रिकचा अर्ज शाळेतूनच जायचा. माझा गेला नाही. ते वर्ष मी मेंढरांमागं काढलं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेतून परीक्षा दिली. वर्षाचं मला फारसं वाटलं नाही. पण वडिलांबरोबर रानोमाळ हिंडताना एकच गोष्ट सलत होती: मी कोणासाठी उभा राहिलो, ते त्यांना कळलं होतं का? की पोरानं चांगला खेळ मोडला आणि स्वतःचं नुकसान करून घेतलं, एवढंच त्यांना वाटत होतं? विचारायची हिंमत झाली नाही. ते आपण होऊन बोलले नाहीत.

तो वकिलाचा मुलगा आता याच कॉलेजात आहे, माझ्यापुढं एक वर्ष. परवा खाणावळीत माझ्याशेजारी येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “तुझे वडील काय म्हणतात? माझे वडील अजून त्यांची आठवण काढतात.”

“तुझ्या वडिलांनी त्यांना कुठं पाहिलं?”

“म्हणजे? तुला ठाऊकच नाही?”

त्याचे वडील शाळेच्या मंडळावर होते. मी नाही म्हणून निघून गेल्यावर मुख्याध्यापकांनी शिपाई पाठवून माझ्या वडिलांना रानातून बोलावून घेतलं होतं. मुलाच्या वतीनं माफीच्या कागदावर अंगठा द्या, लगेच अर्ज पाठवतो, असं सांगितलं. कागदात काय लिहिलंय, असं वडिलांनी विचारलं. वकिलांनी वाचून दाखवलं. वडिलांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, “पोरगा हुबा ऱ्हायला, आन् मी बसून हासलो. माफी मागायची आसंल तर मी त्येची मागीन. तुमची न्हाय.” आणि मुख्याध्यापक जा म्हणायच्या आधीच उठून निघून गेले.