वरचा पट्टा देवाचा

“सायटेशन किती?”

“शून्य.”

समितीच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकानं आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा हवाला देणं. जितके हवाले, तितकं वजन. नव्वदच्या दशकात पेणजवळच्या आमच्या खारजमीन केंद्राचं नशीब या एका आकड्यावर टांगलेलं होतं. शून्य म्हणजे केंद्राला टाळं, आणि भाताचे सगळे प्रयोग अर्ध्यावर बंद. मला राग आला होता. तो मी लपवलाही नाही.

“सर, आमचं संशोधन वापरणारे लोक पेपर लिहीत नाहीत. भात पिकवतात.”

“मग दाखवा.”

“इथं नको. शेजारचे लोक आमच्या भिडेखातरही हो म्हणतील. आम्ही कधी पाऊल टाकलं नाही अशा ठिकाणी बघू. रोह्याच्या खाडीला चला.”

अध्यक्षांना पुढे गोव्याच्या रस्त्यालाच लागायचं होतं. जीप निघाली.

आमचं संशोधन साधं होतं. खाडीचं पाणी शिरून शेतात मीठ मुरतं. पेरणीआधी पावसाचं पाणी शेतात ठराविक उंचीपर्यंत साठवायचं, मीठ त्यात विरघळू द्यायचं आणि ओहोटीला बांधाची झडप उघडून सगळं बाहेर सोडायचं. उंची कळावी म्हणून शेतात रंगाचा पट्टा मारलेला खुंटा रोवायचा.

रोह्याकडच्या एका गावात भात कापून झालं होतं. गणपतबाबा नावाचे म्हातारे शेतकरी बांधावर बसले होते. पाणी कसं साठवता, कधी सोडता, हे त्यांनी आमच्या पेपरातल्यासारखं घडाघडा सांगितलं. माझी छाती फुगली.

“हे शिकवलं कुणी?” अध्यक्षांनी विचारलं.

“शिकवतंय कोण? आमच्या आज्याच्या येळेपासून हाय ह्यो!”

“तू गप गो!” असं त्यांनी मागून येणाऱ्या बायकोला आधीच दटावलं. तरी ती बोललीच. “आजा कसला? सुनेच्या माहेरचं हाय ते. पेणकडचं.”

“पेणकडं पण आजे असतील,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी फाइल बंद केली. झालं, हातातोंडाशी आलेला घास गेला.

तेवढ्यात मला शेतातला खुंटा दिसला. त्यावर पट्टे दोन होते.

“बाबा, दोन पट्टे कशाला?”

“खालचा पाण्याचा. वरचा देवाचा.”

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की म्हातारा चिडला. मी अध्यक्षांना म्हटलं, “सर, गाडी मागे घ्या. पेणला.”

“अहो, मला कोलाडला जेवायचंय!”

“वडखळला जेवू घालतो.”

केंद्राच्या शेतात मी त्यांना आमचे खुंटे दाखवले. प्रत्येकावर दोन पट्टे. रंगाऱ्यानं पहिला पट्टा चुकून वर मारला होता. ऑइल पेंट निघेना, म्हणून खाली दुसरा मारून घेतला. वरच्याचा उपयोग शून्य. पाणी साठवायची युक्ती दोन ठिकाणी आपापली सुचू शकते. पण ही चूक कुणाला आपापली सुचणार? कॉपी करणारा पोरगा चुकांवरूनच सापडतो.

अध्यक्षांनी वाकून वरच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, “देवाचा! कमाल आहे.” अहवालात त्यांनी केंद्र चालू ठेवण्याची शिफारस केली. सायटेशनच्या रकान्यात शून्यच राहिलं, आणि त्याखाली त्यांनी रोह्याच्या शेताबद्दल चार ओळी लिहिल्या.

केंद्र वाचल्यावर मी गणपतबाबांकडे मुद्दाम गेलो. हसल्याबद्दल त्यांचा राग गेलेला नव्हता. तरी चहा दिला आणि निघताना मला बांधापर्यंत सोडायला आले.

“सायेब, तुमच्या सरकारी शेतात पण असा खुंटा लावा. आमच्या आज्याची युक्ती हाय, फुकट सांगतो.”

मी “व्हय” म्हटलं. आपलं काम लोकांच्या आजोबांच्या नावावर जमा झालं, की ते पोचलं असं समजावं.