सीडी आणि कबुतरं

समोरच्या सुमनकाकूंनी बाल्कनीत जुन्या सीडी टांगल्यात, तिथे एकही कबूतर फिरकत नाही. त्यांचं ऐकून मीही टांगल्या. तरी रोज ऑफिसातून दमून आल्यावर कठड्यावरची घाण धुणं काही चुकलं नाही.

आज तापामुळे रजा घेतली. घरात जीव रमेना, म्हणून दिवसभर बाल्कनीतच बसून राहिले, तेव्हा उमगलं. काकू सकाळपासून खुर्चीत होत्या. तिथेच जेवल्या, तिथेच डुलक्या काढल्या. सीडी नुसत्या वाऱ्यावर फिरत होत्या; कबुतरं बिचकत होती ती काकूंना. घरात बोलायला कुणी नसलेलं माणूस बाहेर बसून राहतं, एवढीच ती युक्ती.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय गं, झाला का सीडीचा उपयोग?"

"झाला ना काकू. आज एकसुद्धा आलं नाही."

खोटं नव्हतं ते. आज मीही दिवसभर बसून होते.