यॉबच्या खुणेपासून पुढे

झीलंड या डच प्रांतातल्या तान्नेकेच्या घरी जेवण झालं की तिचा नवरा यॉब बायबलमधला पुढचा अध्याय वाचायचा. तो गेल्यापासून खुणेची फीत हलली नव्हती आणि तान्नेकेला घास गिळवत नव्हता.

बहीण लेना म्हणाली, "अगं, सांत्वनाचं एखादं स्तोत्र तरी वाच."

"मधलं सोडून? यॉब तिकडून ओरडेल!"

शेवटी तिने फितीपाशी उघडलं, तर निघाली पानभर वंशावळ! अशा नावांशी यॉबची कुस्तीच चालायची. तीही तिसऱ्याच नावाला अडखळली. आधी हसू फुटलं, मग रडू. एवढी माणसं गेली, पण देवाने एकाचंही नाव गाळलं नव्हतं.

तिने फीत पुढच्या अध्यायावर ठेवली. "लेना, बटाटे उरलेत का गं?"