लांब बाह्यांचं पोलकं

गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घातले आणि मी मनात म्हटलं, आता हे उठणार.

अंगणातल्या चुलीवर पाणी उकळलं होतं. सिस्टर दमयंती साबण आणि ब्रश घेऊन शेजारी उभी होती. आतल्या खोलीत शेवंता नावाची पहिलटकरीण आदल्या दिवसापासून कळा देत होती. बाळाचं डोकं खाली येऊन अडकलं होतं आणि पोरीत जोर उरला नव्हता. फोर्सेप्स, म्हणजे चिमटा लावून बाळ काढायचं होतं. त्याआधी हात ब्रशनं खसाखसा घासावे लागतात आणि त्यासाठी बाह्या वर कराव्या लागतात. मी त्या वर केल्या.

ब्रश फिरला तिथे तिथे लाल पट्टे उठले. बघता बघता त्यांचे फुगवटे झाले. कडेला लाल, मधे फिकट. खाज तर अशी की ब्रश टाकून नखांनी ओरबाडावंसं वाटत होतं.

शेवंताची सासू कौसल्याबाई लोटीनं माझ्या हातावर पाणी घालत होती. ती थांबली.

"बाई, हे का होय?"

"पित्त आहे. पाणी घाला."

तिनं पाणी घातलं नाही. लोटी खाली ठेवून ती दोन पावलं मागे सरली.

आता थोडं मागचं सांगते. पन्नाशी अजून दूर होती तेव्हा माझी. नागभीड आणि मूल या गावांच्या मधल्या धानाच्या पट्ट्यात एक सरकारी दवाखाना माझ्याकडे होता. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. माझी पाळी वर्षभरापूर्वी अनियमित झाली आणि मग बंद पडल्यासारखी झाली. बसल्या जागी छातीतून जाळ उठून कानापर्यंत जायचा, घाम फुटायचा. त्याच्या जोडीला रोज संध्याकाळी अंगावर पित्त. आपल्या शरीरातल्या काही पेशींमध्ये हिस्टामिन नावाचं द्रव्य भरलेलं असतं. ते सुटलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. तो पाझर म्हणजेच पित्ताचा फुगवटा. एखाद्याला मासळी खाऊन उठतो आणि तासाभरात जातो. मला काही न खाता उठायचा आणि एक गेला की दुसरीकडे दुसरा.

अँटिहिस्टामिनच्या गोळ्या तेव्हा मिळू लागल्या होत्या. त्यांनी खाज थांबायची, पण डोकं जड व्हायचं. एकदा एका म्हाताऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून मी बसल्या बसल्या डुलकी घेतली. तो बिचारा श्वास रोखून बसला होता, त्याला वाटलं बाई फार बारकाईनं ऐकताहेत! तेव्हापासून कामाच्या दिवसात गोळी घ्यायची नाही असं मी ठरवलं. नागपूरच्या एका मैत्रिणीनं, तीही डॉक्टर, हार्मोनच्या गोळ्या पाठवल्या. स्टिलबेस्ट्रॉल. शरीरातलं जे आटत चाललं आहे ते बाहेरून द्यायचं, एवढाच त्यामागचा विचार. छातीतला जाळ थांबला. मी खूश! पण संध्याकाळी उठणारं पित्त सकाळपासून उठू लागलं आणि गोळ्या थांबवल्या की गेलेली पाळी परत यायची. हे हार्मोन कधी कधी त्या हिस्टामिनच्या पेशींनाच डिवचतं, असं आज म्हणतात. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. गोळ्या घे, बंद कर, परत घे, असं माझं चाललं होतं. उंदीरही मीच आणि डॉक्टरही मीच.

खरं तर चांद्याला जाऊन सिव्हिल सर्जनला दाखवायला हवं होतं. ते पुरुष, वयानं माझ्याहून लहान. मी स्वतः वीस वर्षं बायकांना दटावत आले होते, अगं डॉक्टरपुढे लाज कसली? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मला एकटीला तो दवाखाना चालवायचा होता. पाटील, पोलीस, तलाठी माझं ऐकत, कारण त्यांच्या लेखी मी बाईमाणूस नव्हते, डॉक्टरीणबाई होते. पाळी हा शब्द एकदा माझ्याबद्दल निघाला की मी त्यांच्या घरातल्या बायकांसारखी एक होणार, अशी मला भीती होती. म्हणून शिंप्याकडून मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि चांद्याचा मे महिना त्यांत काढला. चोराच्या मनात चांदणं. बोलता बोलता मी सारखी बाह्या खाली ओढायची आणि लोक ते बघायचे.

लोक त्यावरून काय बोलू लागले होते, ते मला त्या अंगणात कळलं.

"पित्त घटकाभर राह्यते," कौसल्याबाई म्हणाली. "तुमी तं साल झालं हात लपवून राह्यल्या. बजारात बाया बोलतेत."

"काय बोलतात?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. डोमाजी शांत माणूस होता. मान खाली घालून म्हणाला, "मोठा रोग म्हणतेत जी."

मोठा रोग म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला विचारावं लागत नसे. गावागावात एखादं घर असायचं, ज्याच्या दाराशी कोणी पाणी मागत नसे. माझ्याच दवाखान्यात दर बाजाराच्या दिवशी महारोगाचं औषध मिळायचं. कडेला लाल आणि मधे फिकट चट्टा म्हणजे काय, हे लोकांना पाठ होतं. त्यांचं चुकलं असेल, पण ते मूर्खपणानं बोलत नव्हते.

"पित्तच हाय जी," दमयंती म्हणाली. "मी रोज पाहतो."

"मंग लपवते काऊन?" कौसल्याबाईनं विचारलं. "पित्त कोणाले उठत नाई? आन् सालभर कायचं पित्त राह्यते, सांगा न तुमी!"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला एका वाक्याचं उत्तर होतं. माझी पाळी जायला आली आहे, त्यानं होतंय. ते ऐकून अंगणातली कुठलीही बाई समजली असती. पण अंगणात डोमाजी होता, त्याचे दोन मुलगे होते, शेजारचे चार पुरुष होते. दमयंती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगून टाका न बाई." तिला सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "त्याचं कारण वैद्यकीय आहे. तुम्हाला समजायचं नाही."

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

डोमाजीनं मुलाला बैलगाडीकडे खूण केली. "रेंगी जुप. सूनीले नागभीडले नेऊ. तिथून आगगाडीनं चांद्याले."

"रेंगीत हेलकावे खाऊन ती नागभीडपर्यंत जगणार नाही," मी म्हटलं. "बाळ तर नाहीच नाही."

"तं मी का करू, बाई?" कौसल्याबाई एकदम रडायला लागली. "कवळं लेकरू असल्या हातात देऊ? जन्माचं वाटोळं करू त्याचं?"

आतून शेवंता ओरडली. आवाज आधीच्यापेक्षा बारीक झाला होता. मी ओले हात वर धरून नुसती उभी होते. बैल आणायला मुलगा गेलासुद्धा.

तेव्हा खोलीच्या दारातून सरजाबाई बाहेर आली. शेवंताची आई. माझ्याच वयाची, काटक बाई. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिनं घर गळतं, अमुक नाही, तमुक नाही, असं निमित्त सांगून लेकीला नेलंच नव्हतं. व्याह्यांना त्याचा राग होता. खरं कारण मला ठाऊक होतं. सरजाबाई दर बाजाराला सगळे गेल्यावर दवाखान्यात यायची आणि गुडघ्याचं म्हणून जे औषध न्यायची, ते गुडघ्याचं नव्हतं. दंडावर एक चट्टा होता, चोळीच्या बाहीखाली. महारोगावरच्या सल्फोनच्या गोळ्यांनी तो विझत आला होता. तिच्या गावात, लेकीच्या घरी, कोणालाही माहीत नव्हतं.

ती सरळ कौसल्याबाईपुढे उभी राहिली आणि चोळीची बाही वर केली.

"हे पाहा, ईनबाई. मोठा रोग असा राह्यते."

सरजाबाईनं बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि चट्ट्यावर टोचली. रक्ताचा थेंब आला. तिचा चेहरा हलला नाही.

"पाह्यलं? मले काई समजत नाई इथी." मग तिनं माझा हात धरला आणि फुगवट्यावर पिन टोचली. मी हात मागे ओढला. "तिले दुखते. तिचं पित्तच हाय. आता जाऊ द्या तिले आत. माही पोरगी मरून राह्यली."

कौसल्याबाई वाटेतून बाजूला झाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, सरजाबाईच्या दंडाकडे बघत होती.

मी परत हात धुतले. आत गेले. त्या खोलीत माझं काम चोख झालं, एवढं सांगते. चिमटा नीट बसला, दुसऱ्या कळेला डोकं आलं. मुलगी झाली. थोडी निळी होती. दमयंतीनं तोंड पुसलं, पाठ चोळली, आणि बाळ असं रडलं की बाहेरच्या पुरुषांनी देवाचं नाव घेतलं. शेवंताला टाके घातले. तिनं विचारलं, "माय कुठी हाय?" मी म्हटलं, बाहेर आहे.

बाहेर म्हणजे कुंपणाच्या बाहेर होती. गोठ्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली बसली होती. तिला कोणी हाकललं नव्हतं. ती आपणच उठून गेली होती आणि कोणी थांबवलं नव्हतं.

मग मात्र मला बोलणं सुचलं! डोमाजीला आणि कौसल्याबाईला उभं करून मी सगळं सांगितलं. हा रोगाचा न पसरणारा प्रकार आहे, औषध चालू आहे, बाई बरी होत आली आहे, नातीला घेतलं तरी काही होत नाही. दोघांनी हात जोडून ऐकलं.

"तुमी म्हणता तं असनच बाई," डोमाजी म्हणाला. "तुमचे उपकार हायेत. पण लेकरू कवळं हाय."

जेवणं झाली. मला आणि दमयंतीला पितळी ताटात वाढलं. सरजाबाईला पळसाच्या पत्रावळीवर, झाडाखाली नेऊन दिलं. तिनं जेवण संपवून पत्रावळ स्वतः लांब नेऊन टाकली. मला ते ताट दूर सारायचं होतं, तरी मी जेवले. नाही जेवले तर ते दुखावतील, असा विचार केला. मी नको तिथे असा विचार करते.

परत जाताना मी तिला आमच्या रेंगीत घेतलं. तिचं गाव वाटेवरच होतं. मग ती म्हणाली, "पोरगी कोनासारखी हाय?"

"कपाळ तुमच्यासारखं आहे."

ती हसली. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "सरजाबाई, माझी पाळी जायला आली आहे. म्हणून हे पित्त उठतं."

ती माझ्याकडे वळून बघू लागली.

"एवढंच?"

"एवढंच."

"माही तं कवाचीच गेली," ती म्हणाली. आणि विचारलं, "मंग तिथी काऊन नाई सांगतलं, बाई?"

"पुरुष होते. लाज वाटली."

तिनं पदर ओढून दंड झाकून घेतला. तेवढ्यात तिच्या गावाचा फाटा आला. ती उतरली आणि मला नमस्कार करून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

हार्मोनच्या गोळ्या मी त्या आठवड्यात कायमच्या बंद केल्या. छातीतला जाळ परत आला, तो सोसला. पित्त हळूहळू कमी झालं आणि दोनेक वर्षांत आपोआप गेलं. सरजाबाईचाही चट्टा विझला आणि तिच्या गोळ्या मी थांबवल्या. पण त्याआधी एका बाजाराच्या दिवशी कौसल्याबाई सुनेला आणि नातीला देवीची लस टोचायला घेऊन आली होती. सरजाबाई बाकावर बसलेली होती, आता सगळ्यांदेखत, कारण लपवायचं काही राहिलं नव्हतं. शेवंता दारातच थबकली. कौसल्याबाईनं पोरीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, बाकापासून लांब. सरजाबाई उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं नातीला डोळे भरून पाहिलं. मी लस टोचली आणि मुलगी रडली. सरजाबाईचा हात अर्धवट वर उचलला गेला आणि परत मांडीवर आला.

मी कौसल्याबाईला पुन्हा समजावलं, पुढेही अनेकदा समजावलं. एकदा उघडी पडलेली गोष्ट माझ्या व्याख्यानानं झाकली जात नव्हती.

रिटायर होईपर्यंत मी एक नियम पाळला. पाळी जायच्या वयाची बाई अंगावर पित्त घेऊन आली की तिच्या नवऱ्याला, सासूला, जो कोणी बरोबर असेल त्याला समोर बसवायचं आणि सांगायचं. हिची पाळी जायला आली आहे, कोणाकोणाला त्यानं असं पित्त उठतं, माझंही उठलं होतं, हा मोठा रोग नाही. नवरे जमिनीकडे बघत. बायका तोंडाला पदर लावून हसत. सांगायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. डोमाजीच्या अंगणात माझ्याकडून तेवढं झालं नाही आणि त्याचं मोल सरजाबाईनं भरलं.