कलाकाकू घाबरल्या तो पिक्चर

मखमलाबादला कलाकाकूंच्या घरात पुढची खोली भाड्याने घेतली, त्याच आठवड्यात दुपारी आतून बाईची किंकाळी ऐकू आली. मी अनवाणीच धावलो. काकू झेंडूच्या ढिगापुढे मांडी घालून हार ओवत होत्या. समोर डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर एका बाईला तळघरात कोणीतरी पायाला धरून ओढत होतं.

"बस रे नवनाथ," काकू म्हणाल्या. "हिला मी मघाच सांगितलं, खाली जाऊ नको म्हणून."

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी माझी जागा ठरली. घरामागे काकूंची शेवंती आणि झेंडू. सकाळी त्यांचे यजमान भिमाजीकाका फुलं बाजारात नेतात, उरलेल्यांचे हार काकू दुपारी ओवतात. हात गुंतलेले, डोळे मोकळे. मालिका त्यांना चालत नाहीत. "तिथं माणूस मरायला वर्ष लावतं. पिक्चरमध्ये कामं पटापट उरकतात." तेही भुताचेच पिक्चर, आणि शक्यतो ज्यांच्यावर फार कोणी खर्च केलेला नाही असे.

मी सटाण्याच्या शाळेत शिकलो, तिथे पुस्तकाचा सारांश लिहायला शिकवत. काकूंचा सारांश त्याहून छोटा असतो. मागच्या महिन्यात दक्षिणेकडचा डब केलेला एक पाहिला. पांढऱ्या साडीतली बाई दलदलीतून वर येते. काकू म्हणाल्या, "साडीचा काठ बघ. चिखलाचा एक डाग नाय. मेल्यावर हिचं धुणं कोण करतं?" मग एक परदेशी पाहिला. चार पोरं कॅमेरा हलवत जंगलात पळतात आणि भूत शेवटपर्यंत दिसत नाही. मला आवडला होता. काकूंनी सुईत नवा दोरा घातला. "झाकलेली पाटी दाखवून माल विकला यांनी."

त्यांचा लाडका पिक्चर मात्र जुना हिंदी आहे. त्यात केसाळ राक्षस आहे आणि पाठ फिरवली की त्याच्या पोशाखाची चेन दिसते. मी हसून ती दाखवली.

"असू दे. पण हे भूत मेहनत करतं. दार फोडतं, विहिरीत उतरतं. आताची नुसती मोठ्यानं वाजतात. दचकणं वेगळं, भ्याणं वेगळं. दचकायला मला कुकर पुरतो."

म्हणजे काकू कधी घाबरल्याच नव्हत्या, आणि हे त्यांच्या पुतण्याला, ललितला, फार लागलं होतं. ललित शेजारीच राहतो, कॉलेजात आहे. त्याने मोबाईलवर एक छोटा भुताचा पिक्चर बनवला. गेलेला मालक घर सोडत नाही, अशी गोष्ट. सोमवारी तो स्पर्धेला पाठवायचा होता. पण आधी रविवारी काकूंना दाखवणार. "काकू घाबरल्या तर पाठवीन, नाहीतर डिलीट," असं तो मला सांगून बसला. मी म्हटलं, मग तू आत्ताच डिलीट कर, दुपार तरी वाचेल.

रविवारी टीव्हीला मोबाईल जोडला. भिमाजीकाका शेंगा सोलत खुर्चीवर बसले. पडद्यावर भूत आलं.

"हा तर तुझा दोस्त दीपक," काकू म्हणाल्या. "तोंडाला मैदा लावला का रे?"

"टाल्कम पावडर आहे, काकू."

"तरी म्हटलं, भूत गोरं कसं."

ललितने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे. तेवढ्यात पिक्चरमधली मुलगी टॉर्च घेऊन आतल्या खोलीत गेली. टॉर्चचा उजेड भिंतीवर सरकला. तिथे चौकटीत मेलेल्या मालकाचा फोटो होता, फेटा, मिशी, वर ताज्या शेवंतीचा हार. फोटो भिमाजीकाकांचा होता.

काकूंच्या हातातली सुई थांबली.

काकू गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतात: देवाचा, लग्नाचा की फोटोचा? फोटोचा म्हटलं की पुढे विचारायचं नाही. कोण गेलं, कधी गेलं, काही नाही. नुसता हार ओवून द्यायचा. ललितने आदल्या आठवड्यात येऊन "फोटोचा" म्हटलं होतं, आणि काकूंनी रिवाजाप्रमाणे मान खाली घालून तो ओवला होता. जिवंत नवऱ्याच्या फोटोला घालायचा हार, स्वतःच्या हाताने.

ललितला क्षणभर आनंदच झाला. असा चेहरा त्याला कधीपासून बघायचा होता. मग त्याला कळलं आणि त्याने पिक्चर थांबवला. थांबला तो नेमका फोटोवर.

"आधी ते बंद कर," काकू म्हणाल्या.

"मीच दिला त्याला फोटो," काका म्हणाले. "त्यात काय एवढं? फोटो हाये, मी हितं हाये."

"तुम्ही शेंगा सोला."

ललितने टीव्ही बंद केला. हळूच म्हणाला, "काकू, तेवढाच सीन जमलाय. तो काढला तर फक्त दीपक उरतो."

काकूंनी विचार केला. दीपकचा असावा. "मग माझा फोटो लाव," त्या म्हणाल्या. "वणीच्या गडावर काढलेला हाये, चांगला हाये. मालकाच्या जागी मालकीण कर."

शेंगा सोलायचा आवाज बंद झाला.

"नाय," काका म्हणाले.

"का? त्यात काय एवढं?"

काकांनी मांडीवरची टरफलं झटकली, आत गेले, भिंतीवरचा गडावरचा फोटो काढला आणि लोखंडी कपाटात ठेवला. कुलूप लागल्याचा आवाज बाहेर आला. परत येऊन बसले आणि पुन्हा शेंगा घेतल्या. काकू खाली बघत होत्या, पण ओवत नव्हत्या.

"रिकामी चौकट लाव," काका शेवटी ललितला म्हणाले. "चौकटीतला माझा फोटो काढून आणून दे, अन् चौकट ठेव तुझ्याकडं."

ललितने आणून दिलेला जुना हार काकूंनी तोडून शेतात मातीआड केला आणि नवा ओवायला घेतला. पाटीतून शेवंती निवडता निवडता त्यांनी या धंद्यात जे कधी विचारत नाहीत ते विचारलं.

"कुणाचा हाये?"

"कुणाचाच नाही, काकू."

"मग चालंल."

संध्याकाळी सीन नव्याने झाला. स्पर्धेत पिक्चरला बक्षीस मिळालं नाही. पण एका परीक्षकाने रिकाम्या चौकटीच्या आशयगर्भतेचं कौतुक केलं. ललितने तो शब्द दोनदा वाचून मला अर्थ विचारला. सटाण्याच्या शाळेत तो शिकवत नसत. काकूंनी पुरा पिक्चर पाहिला. दीपकचं काम सुधारलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

गडावरचा फोटो अजून कपाटातच आहे. भिंतीवर खिळा तेवढा उरलाय, आणि किल्ली काकांच्या सदऱ्याच्या खिशात. दुपारी पिक्चरमध्ये कोणी किंचाळलं की काकू सुई न थांबवता काकांच्या खुर्चीकडे मान वळवतात आणि मला सांगतात, "याच्यापेक्षा भित्रं माणूस घरात हाये आपल्या."