गळ्यातलं आणि गळ्याची खाज

आईची मान खाजायला लागली तेव्हा पहिला संशय साबणावर घेण्यात आला. आमच्या घरात तपासाचं काम बाबांकडे असतं. निवृत्त होईपर्यंत ते एका कारखान्यात तयार माल तपासायचे आणि ती सवय त्यांनी घरी आणली आहे. साबण बदलला. मग कपडे धुण्याची पावडर बदलली. मग वांगं बंद झालं. वांगं बाबांना मुळातच आवडत नाही, त्यामुळे तपासाच्या त्या भागाबद्दल मला आजही शंका आहे.

कोकणातून मावशी फोनवर इलाज सांगायची. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, तेच तिने मानेला लावायला सांगितलं. आईने लावलं. मान होती तशीच राहिली, ब्लाउजच्या गळ्याला मात्र सोलकढीचा रंग आला. मग कडुनिंबाचा पाला उकळून झाला. खोबरेल तेलात कापूर घालून झाला. मुलुंडच्या मे महिन्यात तेल चोपडलेल्या मानेने वावरणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आई दिवसभर खाजवायची आणि कुणी हटकलं की हात खाली घेऊन म्हणायची, "मी कुठे खाजवतेय?"

शेवटी मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी पेनाच्या टोकाने आईचं मंगळसूत्र जरा उचललं आणि खाली पाहिलं. लाल पट्टा बरोबर साखळीखालून गेला होता.

"काकू, हे सोन्याचं आहे?"

"एक ग्रॅमचं आहे," आई म्हणाली. म्हणजे खोटं.

खरं होतं, पण भाजी आणायला गेली असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी ते ओढून नेलं. आईने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, म्हणून एक वाटी तिच्या मुठीत राहिली. ती वाटी बँकेच्या लॉकरमध्ये आहे. बाबा नवीन करायला तयार होते, पण सोनं घालून रस्त्यावर जायचं नाही यावर आई ठाम राहिली. ती घाबरली होती. घाबरले म्हणण्यापेक्षा खोटं घालणं तिला सोपं वाटलं.

डॉक्टर म्हणाल्या, खोट्या दागिन्यात निकेल असतं, घामाने ते कातडीवर उतरतं. पंधरा दिवस गळ्यात काही घालायचं नाही. अंघोळ कोमट पाण्याने, मान घासायची नाही, टिपून कोरडी करायची, मग मलम. आईने प्रत्येक सूचनेला मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मलम लावीन."

"आणि ते?"

"ते काढायचं नसतं."

"अगं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"तुझे बाबा सत्तरीचे झाले. मागच्या वर्षी छातीत दुखलं होतं त्यांच्या. मी नाही काढणार."

माझी आई घरातली सगळी बिलं मोबाइलवरून भरते आणि टीव्हीवरच्या ज्योतिषाला नावं ठेवते. पण गळ्यातलं काढलं तर बाबांना काहीतरी होईल, असं तिला खरोखर वाटत होतं. मला राग आला. मग तिची मान दिसली आणि तो ओसरला.

काळ्या दोऱ्यात ओवलेली पोत घालून पाहिली. आपल्या हवेत दोरा वाळत नाही. ओल्या दोऱ्याखाली मान आणखी चिडली आणि एक ग्रॅमचं परत गळ्यात आलं. मग बाबांनी कुठेतरी वाचलं की धातूला बिनरंगाचं नेलपॉलिश लावावं. नेलपॉलिश माझं गेलं. रविवारी सकाळी आई खिडकीशी स्टुलावर बसायची. मान आणि साखळी यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी असायची, आणि बाबा चष्मा कपाळावर ढकलून एकेक कडी रंगवायचे. काढून रंगवायचा प्रश्नच नव्हता. ते वाळेपर्यंत आईने हलायचं नाही, म्हणून ती मांडीवर ताट घेऊन मटार सोलायची. मला ते दोघं तसे फार आवडायचे. रंग गुरुवारपर्यंत टिकायचा.

एका गुरुवारी बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे. मी घालतो."

"तुम्ही?"

"गळ्यात असलं म्हणजे झालं ना? कुणाच्या, ते कुठे सांगितलंय?"

आईने विचार केला. खाज फारच असली पाहिजे, कारण ती कबूल झाली. मध्ये एक क्षणही ते कुणाच्या गळ्याबाहेर राहू नये म्हणून दोघं डोक्याला डोकं लावून उभे राहिले आणि मी साखळी एका डोक्यावरून दुसऱ्यावर सरकवली. बाबांचे कान मध्ये आले.

त्यानंतर बाबा शर्टाचं वरचं बटण लावून फिरायला जाऊ लागले. केस कापायला गेले तेव्हा न्हाव्याने मानेभोवती कापड गुंडाळताना ते पाहिलं आणि त्या दिवशी तो राजकारणावर काहीच बोलला नाही.

आईची मान निवळली. पट्टा फिका झाला, मग दिसेनासा झाला. आणि एका संध्याकाळी बाबा वर्तमानपत्राची कड कॉलरमध्ये घालून हळूहळू फिरवताना मला दिसले.

"बाबा, खाजवताय?"

"मी कुठे खाजवतोय?"

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने त्यांची कॉलर उलटली. पट्टा तिच्यासारखाच होता, त्याच जागी, बहुधा जास्त लाल.

"कधीपासून?"

"थोडंसंच आहे. पंधरा दिवस पुरे होऊ दे."

आईने ते सरळ त्यांच्या डोक्यावरून काढलं, स्वतःच्या गळ्यात घातलं नाही, स्टीलच्या डबीत टाकलं आणि डबी कपाटात ठेवली. मग तिचं मलम आणून त्यांच्या मानेला लावलं. "घासायचं नाही," ती म्हणाली. "टिपायचं."

डबी अजून कपाटात आहे. दोघांच्या माना स्वच्छ आहेत. बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलं की आई सांगते, ह्यांना ॲलर्जी आहे.

दुपारी जेवून बाबा आडवे होतात. आई ओटा पुसते, खोलीच्या दारात येऊन उभी राहते, बनियनखाली त्यांचं पोट वर-खाली होतंय ना ते बघते, आणि मग चहाचं आधण ठेवते.